या पत्त्यावर सेवा उपलब्ध नाही

शुक्रवारी दुपारी चहाचं आधण ठेवून परत येतो तर काय, लॅपटॉपवर सगळ्या हिरव्या खुणांत एक लाल. लाल दिसलं म्हणून मी काही दचकत नाही. तो माझा धंदाच आहे. लाल आलं की आधी स्वतःवर संशय घ्यायचा, मग इंटरनेटवर, मग त्या दूरच्या फोनवर, आणि सगळ्यात शेवटी वेबसाइटवर. निम्म्या वेळा तर पुन्हा चालवली की तीच टेस्ट हिरवी होते आणि आपण वेड्यासारखे बघत बसतो. पण हे लाल ज्या टेस्टचं होतं ती आजवर एकदाही लाल झाली नव्हती. तिचं नाव मी 'उमरेड' ठेवलं आहे. तिचं काम एवढंच, की उमरेडच्या एका पत्त्यावर रक्त तपासायला माणूस मागवायचा आणि वेबसाइटकडून 'या पत्त्यावर सेवा उपलब्ध नाही' असं ऐकून घ्यायचं. नाही म्हटलं की पास. आज वेबसाइट नाही म्हणालीच नव्हती. पडद्यावर लिहून आलं होतं, 'धन्यवाद देवकीजी! आमचा प्रतिनिधी उद्या सकाळी आपल्या घरी येईल.' देवकी म्हणजे माझी आई. तिला जाऊन दुसरं वर्ष लागलं. चहा उतू गेला ते वासावरून कळलं, तरी मी उठलो नाही.

हे काय प्रकरण आहे ते एकदा सांगून टाकतो. गावाकडे प्रत्येकाला सांगून सांगून मला पाठ झालं आहे, आणि तरी कोणाला पटत नाही. आमच्या कंपनीकडे एका लॅबचं काम आहे. घरी माणूस पाठवून रक्त नेणारी लॅब. नाव कशाला सांगू. त्यांची वेबसाइट सगळ्या तऱ्हेच्या फोनवर नीट चालते की नाही हे पाहायचं माझ्याकडे. तेवढे फोन कोण विकत घेणार? म्हणून कुठल्या तरी लांबच्या शहरात एका थंड खोलीत मांडणीवर फोन ओळीनं लावून ठेवलेले असतात, ते भाड्यानं घ्यायचे आणि इथे नागपुरात बेसा रोडवर दुसऱ्या मजल्यावर, कूलरसमोर बसून, लॅपटॉपवरून चालवायचे. तेही हातानं नाही. एकदा स्क्रिप्ट लिहून ठेवली की फोन आपापलं उघडतो, आपापलं नाव टाइप करतो, बटण दाबतो. अक्षरं एकेक उमटत जातात आणि बोट कुठेच नसतं. सुरुवातीला मला ते पाहून मजा वाटायची. हे सगळं बसवत होतो तेव्हा एकदा चुकून तिकडच्या एका फोनचा कॅमेरा उघडला गेला. पांढरं छत दिसलं, एक ट्यूबलाइट, आणि तेवढ्यात एक हात आला, फडक्यानं काच पुसली आणि गेला. बाईचा हात होता, मनगटात लाल दोरा. मी उगाच 'हॅलो' म्हणालो. तिला कसं ऐकू जाणार? पण त्या दिवशी मी दुसऱ्या कोणाशी बोललोच नव्हतो, हेही खरं आहे.

उमरेडचा पत्ता कसा आला तेही सांगतो. लॅब कुठे जाते आणि कुठे जात नाही, दोन्ही तपासावं लागतं. जिथे जाते तिथली टेस्ट पैसे भरायच्या पानावरच थांबते. जिथे जात नाही असं एक गाव हवं होतं. माणसाला आपलं गाव सोडून दुसरं सुचतं का? विणकर मोहल्ला, उमरेड. नाव विचारलं तर देवकी गणपतराव धकाते. तपासणी कोणती, तर यादीतली पहिली, साखरेची. फोननंबर आईचा. आणि त्या दिवसांत लॉगिनला ओटीपीचा आकडा लागायचा (पुढे टेस्टपुरता तो काढून टाकला), तो जायचा आईच्या फोनवर, मग मी तिला फोन करायचो आणि ती वाचून दाखवायची. एकेक आकडा, दम खाऊन. तिला त्याचं भारी कौतुक. पोराच्या नोकरीत आपला हात लागतो म्हणून शेजारच्या प्रयागबाईला सांगत फिरायची. एखाद्या दिवशी मी काम दुसरीकडे वळवलं की तिचाच फोन, 'काहून रे, आज तुया आकडा नाही आला?' एकदा म्हणाली, 'माह्या नावानं तिकडे करून काय राहिला रे तू?' मी म्हटलं, 'आई, मी तुला रोज त्यांच्या दारात पाठवतो आणि ते रोज नाही म्हणतात.' 'रोज नाई म्हणते? आणि मी रोज जातो?' 'रोज जाते.' 'बाप्पा! लय चिवट बाई आहो मी,' आणि हसत सुटली. मागून बाबा विचारत होते, काय म्हणते तो? ती त्यांना सांगायला वळली आणि फोन तसाच चालू राहिला. कुकरची शिट्टी, तिचं हसणं, बाबांचं 'हं'. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिच्या पायाला खिळा लागला. जखम भरेना, भरेना, आणि नागपूरच्या दवाखान्यात आणलं तेव्हा कळलं की साखर अंगात कधीची मुरून बसली होती. तिची साखर कोणी कधी तपासलीच नव्हती. रोज मागवत तर होतो मी, या पत्त्यावर सेवा उपलब्ध नव्हती. हा विनोद मला तेव्हाच सुचला होता आणि मी तो कोणाला सांगितला नाही. सांगायला होतं कोण?

ती गेल्यावर मी नाव बदललं नाही. बदलायचं सुचलंच नाही असं उन्नतीला सांगता येईल. उन्नती म्हणजे आमची टीम लीड. पण सुचलं होतं. बदललं नाही, एवढंच. टेस्टसाठी फोन निवडता येतो, तर मी आईकडे होता तोच साधा, स्वस्तातला फोन निवडून ठेवला. त्याच आकाराच्या पडद्यावर रोज दुपारी तिचं नाव अक्षर अक्षर उमटतं, वय, पत्ता, बटण, आणि नाही. हिरवं. घासावर घास पडावा तसं ते माझ्या दिवसात पडायचं. कूलरचं पाणी संपलं की बादली आणायची, दुपारचा डबा धुवायचा, आणि आई जाऊन आली का ते पाहायचं. लोक फोटोला हार घालतात. मी हे करत होतो, आणि याच्यात काही वाईट आहे असं मला वाटत नव्हतं. त्या लॅबनं त्याच सकाळी उमरेडला सेवा सुरू केली आणि नवीन गाव म्हणून पहिली तपासणी फुकट ठेवली, म्हणजे पैशांचं पानही आडवं येणार नव्हतं, हे मला कोणी कळवलं नाही. कळवायचं कारणही नव्हतं. त्यांना काय माहीत की एक बाई त्यांच्या दाराशी कधीची उभी आहे.

तर आता माणूस जाणार होता. उद्या सकाळी, आमच्या दारात, जिथे बाबा एकटे असतात. दार वाजणार, कोणी पोरगा आत डोकावून म्हणणार, देवकीबाई आहेत का? मला ते दिसायला लागलं आणि मी उठून खिडकीपाशी गेलो. बाहेर चव्वेचाळीसचं ऊन होतं. बाबा म्हणजे गणपतराव धकाते, आयुष्यभर मागावर बसलेला माणूस. आमच्या पुढच्या खोलीत माग होता. धोटा इकडून तिकडे, खटक खटक, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. आई भिंतीशी चरख्यावर सुताच्या कांड्या भरायची. त्या आवाजात बाबांचं बोलणं कोणाला ऐकू जायचं नाही, आईला तेवढं ओठांवरून कळायचं. म्हणून आमच्या घरात एक रीतच पडली. बाबांना मला काही विचारायचं तर ते आईला म्हणणार, 'विचार त्याले, पेपर कसा गेला.' आई मान वळवून मला विचारणार. मी आईला सांगणार, आई त्यांना. तिघेही एकाच खोलीत, हात लांब केला तर हात लागेल इतके जवळ. पुढे बाबांचे गुडघे गेले, माग मोडला, त्याच्या पाय सोडायच्या खड्ड्यावर फळ्या टाकून वर पलंग आला, घर चिडीचूप झालं, पण रीत सुटली नाही. मी नागपूरला आल्यावर फोनवरही तेच. मागून बाबा म्हणायचे, 'विचार, जेवला का?' आणि आई तेच शब्द मला पुन्हा सांगायची, मला आधीच ऐकू आलेले असले तरी. मीही तिलाच म्हणायचो, 'सांग त्यांना, जेवलो.' आमच्यात भांडण नव्हतं हो. कोणी विचारलं तर मी शपथेवर सांगेन, माझा बाप मला कधी एका शब्दानं बोलला नाही. पण सरळही कधी बोलला नाही. आता ती मधली गेली आणि उरलो आम्ही दोघं. रविवारी फोन होतो. 'जेवला?' 'जेवलो. तुम्ही?' 'हाव.' मग दोघंही फोन धरून बसतो. मी पंख्याचा आवाज ऐकतो, ते कूलरचा. मग कोणीतरी 'ठेवतो' म्हणतं. वर्षश्राद्धानंतर मी उमरेडला गेलेलो नाही. बस तासाभराचीच आहे, पण तिथे जाऊन कोणाशी बोलायचं?

रद्द करायचं बटण होतं. नसतं तर बरं झालं असतं. दाबलं तर म्हणे, आपल्या नंबरवर आलेला आकडा टाका. नंबर आईचा. तो फोन बाबा रोज चार्ज करून देव्हाऱ्यापाशी ठेवतात. रिचार्ज मी मारतो. बंद करू का, असं मी विचारलं नाही, तेही बोलले नाहीत. आधी मी लॅबच्या मदतकेंद्राला फोन लावून पाहिला. तिथली पोरगी गोड आवाजात म्हणाली, 'सर, जिस नंबर से बुकिंग है, उसी नंबर से कॉल कीजिए.' मी म्हणालो, 'वो नहीं कर सकतीं.' ती म्हणाली, 'क्यों सर?' आणि मी फोन ठेवला. एक शब्द होता सांगायचा, माझ्या तोंडून निघाला नाही. मग बाबांना लावला. शुक्रवारी दुपारी माझा फोन, म्हणून ते आधीच घाबरले.

'बोल गा. सगळं बरं आहे ना?'

'बरं आहे. बाबा, आईच्या फोनवर एक मेसेज आला असेल. त्यात चार आकडे आहेत. ते जरा वाचून सांगा ना.'

'दोन आले.' म्हणजे त्यांनी पाहिले होते. 'पण आकडा कोणालेच नाही सांगायचा म्हणून तूच सांगतलं होतं. बँकवाला असो नाई तर देव असो.'

'अहो, मी मागून राहिलो ना.'

'तुयी आई सांगत जाय. मी नाई सांगत.' असं म्हणून त्यांनी चष्मा शोधला असावा, कारण डबी उघडल्याचा आवाज आला. मग ते वाचायला लागले. आकडे नाहीत, दुसरा मेसेज. शाळेत वाचून दाखवावं तसं, शब्दाशब्दावर थांबत. 'नमस्कार… देवकीजी. आमचा प्रतिनिधी… उद्या सकाळी… आपल्या घरी येईल.' पंखा फिरत होता. मला वाटलं आता विचारतील, हे काय आहे? मी उत्तर जुळवत होतो. कंपनीची चूक झाली, मशीनचं असतं असं, तुम्ही त्याला दारातूनच परत पाठवा. इतकं साधं उत्तर. त्यांनी विचारलंच नाही. 'दूधवाला आला वाटते,' म्हणाले, 'ठेवतो.' आमच्याकडे दुपारी दूधवाला येत नाही.

संध्याकाळच्या कॉलवर उन्नतीनं ते लाल पाहिलं. ती काटोलची, संत्र्याच्या व्यापाऱ्याची पोरगी. गिऱ्हाइकाशी फाडफाड इंग्रजी आणि मला एकट्याला धरलं की शुद्ध काटोली. 'तो उमरेडवाला लाल काहून आहे गा, चेतन?' मी म्हणालो, उमरेडला त्यांची सेवा सुरू झाली. 'मंग चांगलंच आहे ना! पत्ता बदलून टाक. भिवापूर टाक, तिकडे अजून नाही जाऊन राहिले ते.' मी हो म्हणालो. 'आणि ते नाव कोणाचं आहे? खरा माणूस तर नाही ना कोणी?' 'नाही,' मी म्हणालो. अगदी पटकन म्हणालो. ती दुसऱ्या विषयाकडे वळली, कोणाच्या तरी लग्नाचं जेवण, सगळे हसले, मी पण हसलो. कॉल संपल्यावर काळ्या पडद्यात माझंच तोंड दिसलं. तेव्हा मी तिला खरं सांगितलं असतं तर लॅबवाल्यांनी बुकिंग एका मिनिटात मोडलं असतं. मग का नाही सांगितलं? मला ते मोडायचंच नव्हतं. कोणीतरी, कुठल्यातरी मशीननं का होईना, मान्य केलं होतं की देवकीबाई घरी आहेत आणि उद्या सकाळी त्या दार उघडतील. ते खोटं आहे हे मला कळत होतं. तरी ते मी माझ्या हातानं पुसणार नव्हतो. मेल्या, आणि त्या म्हाताऱ्याचं काय? हेही मी स्वतःला विचारलं, आणि जेवण न करता झोपलो.

शनिवारी सुट्टी. आंघोळही न करता लॅपटॉप उघडला. तो दूरचा फोन घेतला, आईकडे होता तसा, आणि त्यावर बुकिंगचं पान. तिथे वर एक रेघ असते, तीवर ठिपके पेटत जातात. 'आमचा प्रतिनिधी निघाला आहे.' खाली नाव, जितेंद्र, आणि त्याचा नंबर. माझ्याकडे नंबर होता. मी लावू शकत होतो. गणेशपेठेच्या स्टँडवरून बस पकडली असती तर त्याच्या आधी नसतो पोचलो, पण मागोमाग तर पोचलोच असतो. मी बसून राहिलो. खालच्या मजल्यावर कोणी कूलरला नवीन वाळा लावत होतं, त्याचा ओला वास खिडकीतून येत होता. 'प्रतिनिधी पोहोचला आहे.' आता दार वाजलं असेल. आता बाबा पलंगावरून उतरत असतील, गुडघ्यावर हात ठेवून, त्या फळ्यांवरून, खाली खड्डा पोकळ वाजतो तिथून. आता कडी. आता तो विचारत असेल. माझ्या कानात माग सुरू झाला, खरंच सांगतो, खटक खटक, आणि त्या आवाजात ते काय बोलले ते मला ऐकू येईना. मला ओठांवरूनही कळलं नसतं, ते आईचं काम. बराच वेळ ठिपका तिथेच. मला वाटलं, बाबा खाली बसले. मला वाटलं, त्यांनी त्या पोराला हाकलून दिलं. मला वाटलं, रडताहेत. त्यांना रडताना मी घाटावरही पाहिलं नव्हतं. मग तिसरा ठिपका पेटला. 'नमुना घेतला.'

कोणाचा?

आता मात्र मी जितेंद्रला फोन लावला. कसं बोललो आठवत नाही, मी देवकीबाईंचा मुलगा असं काहीतरी म्हणालो. पोरगा घाबरला. तोंडाला दुपट्टा बांधलेला असावा, आवाज कोंदट येत होता.

'हाव सर, मीच गेलो होतो. उमरेडातला आपला पहिलाच कॉल होता सर. काही गलती झाली का?'

'कोणाचं रक्त घेतलं?'

'काकाजीचं घेतलं सर. कम्प्लेंट नका करजा. मी म्हटलं त्यायले, नाव बाईचं आहे. पण ते वाट पाहूनच राहिले होते ना. मी जायच्या आधी पांढरा सदरा घालून, बाहेर खुर्ची टाकून. मले आत बसवलं, चहा केला. तीन कप मांडले. मी इचारलं, काकूजी कुठे आहे? तर म्हणे नागपूरले गेली, पोरापाशी. येईल आता, थांब थोडा. मी थांबलो सर. अर्धा-पाऊण घंटा थांबलो. ते कांड्या का काय असते ते दाखवत होते मले, पिशवीभर आहे अजून. मंग म्हणे, नाही येत वाटते ती आज. तू आला आहे तर खाली हात नको जाऊ. मायंच घे. घर एकच आहे म्हणे.'

मी लॅपटॉपचा पडदा अर्धा मिटला.

'काकूजी पोचल्या ना सर तुमच्याकडे?'

'हो,' मी म्हणालो.

नागपूरला गेली, पोरापाशी. खोटं कुठे होतं त्यात? नागपूरला मीच आणली होती तिला, खाजगी गाडी करून, मागच्या सीटवर आडवी. बाबा पुढे बसले होते. दिघोरीच्या नाक्यावर गाडी अडकली तेव्हा ते मागे न पाहता म्हणाले, 'विचार तिले, पाणी पायजे का.' मला म्हणाले. उलटं झालं होतं सगळं, मी मध्ये होतो. मी आईला विचारलं. तिनं मान हलवली, मी त्यांना सांगितलं, नको म्हणते. ते त्यांच्या आणि तिच्यामधलं शेवटचं बोलणं, आणि ते माझ्या तोंडून झालं. हे मी इतके दिवस विसरलो होतो की काय, मला माहीत नाही. लॅपटॉपसमोर बसून मी मोठ्यानं रडलो. खाली वाळा लावणाऱ्यांचं ठोकणं थांबलं, बहुतेक ऐकू गेलं असेल. जाऊ दे, गेलं तर गेलं.

संध्याकाळी रिपोर्ट आला. टेस्टसाठी जी मेलची पेटी ठेवली आहे तीत, जिथे आजवर कधीच काही आलं नव्हतं. देवकी गणपतराव धकाते, स्त्री, वय त्रेसष्ट. मी आधी नावच वाचत बसलो. एका कागदावर, ठळक अक्षरांत, आईचं रक्त. मग नजर खाली गेली. तीन महिन्यांची सरासरी साखर. सहाच्या आत असायला हवी होती. तिथे लाल अक्षरांत अकरा लिहिलं होतं. मी पुन्हा वाचलं. आधी स्वतःवर संशय घेतला, मग मशीनवर, ती सवयच आहे. पण रक्त पुन्हा चालवलं म्हणून हिरवं होत नसतं. हे लाल बाबांचं होतं. तेच, आईच्या अंगात मुरून बसलेलं, आता त्यांच्या अंगात, आणि या पत्त्यावर कोणी गेलंच नसतं तर तेही पाय काळा पडेपर्यंत कोणाला कळलं नसतं. मला संताप आला. कोणावर ते सांगता येत नाही. त्या गुडघे गेलेल्या म्हाताऱ्यावर, जो दर रविवारी 'हाव' म्हणतो आणि काय जेवतो ते सांगत नाही. आणि त्याच्या पोरावर. मी फोन उचलला. दोनदा ठेवला. 'बाबा, तुमची साखर वाढली आहे' एवढंच वाक्य होतं. पण आमच्या घरात असं वाक्य कधी कोणी बोललेलंच नाही, मला ते जमवता येईना. तिसऱ्यांदा लावला आणि तिकडे घंटी वाजायला लागली.

'बोल गा,' बाबा म्हणाले.

'बाबा,' मी म्हणालो, 'आईचा रिपोर्ट आला.'

हे मी ठरवून म्हटलं नाही. निघून गेलं तोंडातून. तिकडे नुसता पंखा. खुर्ची सरकली, फळ्या वाजल्या, ते पलंगावर येऊन बसले असावेत. आता ते फोन ठेवणार, आणि मग रविवारचा फोनही संपला.

'काय म्हणते?' बाबांनी विचारलं.

'साखर वाढली आहे तिची.'

'लय?'

'लय.'

'तेच तं.' त्यांनी घसा खाकरला. 'ऐकते का कोणाचं. दोन दोन चमचे साखर टाकते चहात. दिवसातून चार-पाच खेपा चहा. सैपाकाचा कंटाळा करते, मंग गूळ-पोळी खाऊन निजते. एकटीसाठी कोण चूल पेटवते म्हणते. रातच्याले पाय जळजळते तिचे, तेही सांगत नाई कोणाले.'

इतकं लांब बोलताना मी माझ्या बापाला कधी ऐकलं नव्हतं. मी फोन दोन्ही हातांनी धरला.

'तिला सांगा बाबा, साखर बंद करायची. आजपासून. आणि इकडे दवाखान्यात दाखवायला लागेल, लवकर.'

'एकटी नाई जात ती दवाखान्यात.'

'तुम्ही न्या ना मग.'

'मायं नाई ऐकत.' मग हळू, 'तुयं ऐकते.'

कूलरमधलं पाणी संपलं होतं, पंप कोरडाच खरखरत होता. मी उठून तो बंद केला. समोर पडद्यावर 'उमरेड' अजून लालच होतं.

'विचारा तिला,' मी म्हणालो, 'कधी जायचं म्हणते.'

बाबांनी फोन कानापासून दूर नेला. मला कळलं ते. पंख्याचा आवाज मोठा झाला आणि त्यांचा श्वास ऐकू येईना. तिकडे त्या खोलीत ते भिंतीकडे वळले असतील, जिथे चरखा असायचा. मग फोन पुन्हा कानाशी आला.

'तू येशीन तवा, म्हणते,' बाबा म्हणाले.